न आलेल्या फोटोंचा ब्लॉग

काकांच्या स्टुडिओतला आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला असायचा. गिऱ्हाईक आलं की खिशातला कंगवा काढायचं आणि आरसा शोधायला लागायचं. त्याला आरशाची पाठ दिसायची, त्यावर चिकटवलेलं एक जुनं कॅलेंडर दिसायचं, आणि मग ते काकांकडे बघायचं. काका म्हणायचे, "आरशातला चेहरा उलटा असतो साहेब. तुम्हाला त्याचीच सवय. मी सुलटा फोटो दिला की म्हणता, हा मी नव्हेच. म्हणून आज आरसा नक्को."

गिऱ्हाईक गोंधळून स्टुलावर बसायचं. मलाही हे प्रकरण समजायला बरेच दिवस लागले, आणि समजल्यावर पटलं का, हे अजून सांगता यायचं नाही.

मी काकांची भाडेकरू. नांदेडहून नोकरीसाठी आले होते आणि बरकतपुऱ्यात त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होते. हिमायतनगरात आमचं ऑफिस होतं. अमेरिकेतले डॉक्टर आपल्या पेशंटांबद्दल जे बोलून ठेवत, ते कानाला लावून ऐकायचं आणि इंग्रजीत टाइप करायचं, हे काम. त्या वर्षांत हैदराबादेत अशी ऑफिसं गल्लोगल्ली निघाली होती. काकूंना माझं काम कधी कळलं नाही. त्या शेजारणीला सांगायच्या, "अमेरिकेतल्या लोकांना काय काय दुखतं ते हिला सगळं माहीत असतं."

काकांचं घराणं जुनं, कचेरीतल्या नोकऱ्यांचं. आजोबा निजामाच्या काळात दफ्तरात होते, वडील शाळेत मास्तर. काकांनी नोकरी नाकारून नारायणगुड्यात फोटो स्टुडिओ काढला तेव्हा घरात सुतक असल्यासारखं झालं होतं, असं काकू सांगायच्या. सांगताना मात्र त्यांना हसू यायचं.

त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे परीक्षा. मध्येच थांबायचे. "ती समोरची बाई बघ. डावा कान पुढं, उजवा मागं. कायम डावीकडं कुणीतरी झोपतं तिच्या. लहान मूल असेल." खरं की खोटं कोण विचारणार? जेवायला बसलं की ताट इकडून तिकडे सरकवून मला खिडकीसमोर बसवायचे आणि वरण वाढता वाढता माझ्या कपाळाकडे बघत राहायचे. मला वाटायचं, आता फोटो काढतील. पण नाही. "उजेड चांगला होता, वाया गेला असता," एवढंच म्हणायचे. माझा फोटो न काढल्यामुळे उजेड कसा सार्थकी लागला, हे कोडं मी कधी सोडवू शकले नाही.

मग डिजिटल कॅमेरे आले. ज्याच्या त्याच्या मामाकडे एक कॅमेरा असायचा आणि लग्नात तोच फोटो काढायचा. स्टुडिओत पासपोर्टचे फोटो तेवढे उरले. काकांचा मुलगा हायटेक सिटीत सॉफ्टवेअरमध्ये होता, लग्नानंतर तिकडेच राहायला गेलेला. वडिलांनी स्टुडिओ बंद करावा असं त्याला वाटायचं, पण ते तोंडावर म्हणवत नसे. म्हणून त्याने त्यांना एक वेबसाइट करून दिली. वेबसाइट झाली आणि तिच्याकडे कुणीही फिरकलं नाही. तेव्हा एका रविवारी तो वर गच्चीवर आला. काका तुळशीला पाणी घालत होते, मी कपडे वाळत टाकत होते.

"बाबा, सर्चमध्ये वर यायला पाहिजे आपण," तो म्हणाला. "लोक आता चौकात पानवाल्याला विचारत नाहीत, फोटोवाला कुठाय म्हणून. कॉम्प्युटरला विचारतात."

"आणि कॉम्प्युटरला कोण सांगतं?"

"तुम्ही सांगायचं. ब्लॉग लिहायचा. दर आठवड्याला काहीतरी नवीन."

"काय लिहू?"

"काहीही, फोटोग्राफीबद्दल. पण इंग्रजीत. आणि त्यात हैदराबाद, नारायणगुडा, वेडिंग फोटोग्राफी हे शब्द परत परत आले पाहिजेत."

"कायको?"

"तसं असल्याशिवाय त्याला आपण सापडत नाही."

काकांनी तांब्या खाली ठेवला. "म्हणजे हा तुझा पानवाला बहिरा आहे," ते म्हणाले. मुलाने माझ्याकडे बघितलं. मला इंग्रजी टाइप करता येतं हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवसापासून रविवारची सकाळ माझी राहिली नाही.

स्टुडिओतल्या कॉम्प्युटरसमोर बसून काका मराठीत सांगायचे, मध्ये उर्दू, मध्ये तेलुगू. मी त्याचं इंग्रजी करायचे. पहिला लेख झाला खुर्चीवर कसं बसावं याबद्दल. दुसरा, नवरी रडत असेल तर फोटोग्राफरने कुठे बघावं याबद्दल. "रडणाऱ्या माणसाला वाटतं कॅमेरा आपल्यावरच आहे. तर आपण मांडवाच्या छताकडं बघावं, दोरी तपासतोय असं दाखवावं," असं काहीतरी. यात वेडिंग फोटोग्राफी कुठे घालायची ते मला कळेना. मी विचारलं की काका म्हणायचे, "घाल कुठंतरी. मिठासारखं." मग मी लिहायचे, नारायणगुड्यातली नवरी रडत असेल तर हैदराबादच्या वेडिंग फोटोग्राफरने छताकडे बघावं.

काही आठवड्यांनी हे शब्द त्यांच्या तोंडातच बसले. "अगं, हैदराबादमधला चहा झाला का?" असं काकूंना विचारायचे. काकूंना आधी वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांना काळजी वाटायला लागली. एकदा मला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, "यांना काही झालंय का गं? सारखं गावाचं नाव घेतात." मी त्यांना सर्च समजावून सांगायला गेले आणि अर्ध्यात मलाच ते समजेनासं झालं.

ब्लॉगखाली लोकांना आपलं मत लिहिता यायचं. तिथे पहिलं मत आलं तेव्हा काकांनी मला ऑफिसात फोन केला. कुणी परदेशी माणसाने लिहिलं होतं, फार छान लेख, आमची स्वस्त घड्याळं इथे बघा. मी म्हटलं, काका, हे मशीन पाठवतं, सगळीकडे हेच लिहितं. त्यांनी ते मान्य केलं नाही. "छान लेख म्हणाला ना? मग?" त्यांनी मला उत्तर टाइप करायला लावलं. माझ्याकडे घड्याळ आहे, वडिलांनी दिलेलं, चांगलं चालतं. तुम्ही हैदराबादला आलात तर स्टुडिओत अवश्य या. पुढे दर आठवड्याला ही घड्याळवाली, औषधवाली मशीनं लिहीत राहिली आणि काका प्रत्येकाला उत्तर देत राहिले. मुलगा कपाळावर हात मारून घ्यायचा. हे भोळेपण होतं की ते आम्हा दोघांची फिरकी घेत होते? मी त्यांच्या डोळ्यांत बघून ओळखायचा प्रयत्न करायचे. पण समोरच्याच्या चेहऱ्याकडे तेच इतकं टक लावून बघत असायचे, की आपलीच नजर खाली जायची.

मग तो लेख झाला.  त्या रविवारी मी कॉम्प्युटर सुरू केला, तो घरघर करत चालू होईपर्यंत ते खिडकीशी उभे होते. मग म्हणाले, "आज न आलेल्या फोटोबद्दल लिही."

पंचवीसेक वर्षांपूर्वी नारायणगुड्यातल्या एका मंगल कार्यालयात त्यांनी एक लग्न केलं होतं, म्हणजे त्याचे फोटो काढले होते. त्या लग्नाचा एकच रोल होता आणि तो कॅमेऱ्यात नीट अडकलाच नव्हता. आकडा पुढे सरकत होता, रोल जागच्या जागी. घरी येऊन डेव्हलप केला तेव्हा सगळा कोरा. मंगलाष्टकं, अंतरपाट, माळा घालणं, काहीच नाही. "पण मी बघितलं होतं ना," काका म्हणाले. "अंतरपाटाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कुणाला दिसतात? धरणाऱ्यांना नाही दिसत, त्यांचं लक्ष भटजीकडं. फोटोवाल्याला दिसतात. भटजीचा सूर चिरकला. नवरा इकडून हसला, नवरी तिकडून हसली. दोघांनी एकदमच. मध्ये पडदा. तिला माहीत नाही तो हसला, त्याला माहीत नाही ती हसली. मी बटण दाबलं. आणि आत रोल फिरलाच नाही."

मी टाइप करत होते. काका जे बोलले तेच मी लिहिलं, एवढं मला पक्कं आठवतं. शेवटी कार्यालयाचं नाव, नारायणगुडा, हैदराबाद, वेडिंग फोटोग्राफी, सगळं मुलाने सांगितल्याप्रमाणे घातलं.

मुलाचा फोन आला. तो चिडला होता. "बाबा, धंद्याच्या वेबसाइटवर कुणी असं लिहितं का, की आमच्याकडून रोल कोरा गेला?" काका म्हणाले, "लोक वाचायलेत म्हणतोस ना?" लोक वाचत होते, हे खरं होतं. त्या लेखानंतर आकडे वर गेले. मुलाला ते कळेना, मला कळेना, आणि काकांना ते विशेष वाटत नव्हतं.

आमच्या ऑफिसला सुट्टी होती त्या दिवशीची गोष्ट. काकूंनी डबा दिला म्हणून मी स्टुडिओत गेले होते. दुपार टळली होती. एक बाई आत आल्या, पन्नाशीच्या, सुती साडी, हातात छत्री. आरशाच्या पाठीकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ काकांसमोर उभ्या राहिल्या.

"मी निझामाबादहून आले," त्या म्हणाल्या. "तुम्ही इंटरनेटवर ज्या लग्नाचं लिहिलंय ते माझं."

काका उभे राहिले. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. बाई म्हणाल्या, "तेव्हाही तुम्ही असेच हात जोडून आमच्या दारात उभे होतात. सासूबाईंनी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं तुम्हाला." मग इकडेतिकडे बघून त्या स्टुलावर बसल्या. मी पाणी आणलं.

त्यांची मुलगी अमेरिकेत शिकत होती. आईच्या लग्नाचा एकही फोटो नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. एक दिवस सहज म्हणून तिने त्या कार्यालयाचं नाव कॉम्प्युटरवर शोधलं आणि काकांचा लेख पुढे आला. तिने आईला फोन केला तेव्हा ती रडत होती. बाबा हसले होते, तू कधी सांगितलं का नाहीस, म्हणून.

"तिचे वडील गेले तेव्हा ती रांगत होती," बाई म्हणाल्या. "त्यांचा एकच फोटो आहे घरात, ऑफिसच्या ओळखपत्राचा. त्यात ते असे बसलेत, जसं काही कुणी दरडावलंय."



"मी तुम्हाला सांगायला आले," बाई म्हणाल्या, "की ते तसं नव्हतं झालं. मी हसले नव्हते. मला ताप होता त्या दिवशी, उभं राहवत नव्हतं. आणि त्यांचे वडील जाऊन महिना झालेला. वर्षाच्या आत करायचं म्हणून ते लग्न उरकलेलं. कुणीच हसत नव्हतं हो मांडवात. भटजी कधी चिरकले ते मला आठवत नाही. तुमचा रोल गेला तो आमचाच, ते खरं. पण हसणारं जोडपं दुसरं कुणीतरी असणार."

काका मटकन खाली बसले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ज्या माणसाला रस्त्यावरच्या बाईचा कान बघून तिच्या शेजारी कोण झोपतं ते सांगता यायचं, तो माणूस हवेत बोट फिरवत काहीतरी जुळवू बघत होता. "कार्यालय तेच," ते म्हणाले. "खांब तेच. पिवळा अंतरपाट..."

"पांढरा होता," बाई म्हणाल्या.

"पांढरा?"

"पांढरा. कुंकवाचं स्वस्तिक होतं त्यावर. माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच होतं."

 मग काका माझ्याकडे वळले. "काढून टाक गं तो लेख. आत्ताच काढ. चुकीचं आहे ते."

मी कॉम्प्युटरकडे सरकले. बाईंनी हात वर केला.

"काढू नका. त्याचसाठी आले मी एवढ्या लांब." त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बसमध्ये सगळा रस्ता मी ठरवत आले, की तुम्हाला खोटं ठरवायचं आणि वर ते तसंच ठेवा म्हणायचं, हे कसं बोलायचं. पण आता इथं बसल्यावर वाटायलंय... मी नाही हसले, ते मला माहीत. ते हसले नाहीत हे मी कशावरून म्हणू? मध्ये तर कापड होतं. मी खाली बघत होते. तुम्ही बघत होतात."

काकांनी मान हलवली. ती हो होती की नाही, मला ओळखता आलं नाही.

"मुलगी फोन करणार आहे आता," बाई म्हणाल्या. "तिला सांगितलंय मी इथं येणार म्हणून. तुमच्याशी बोलायचंय म्हणते. मी नको म्हटलं, ऐकत नाही."

हे त्या आधी बोलल्या असत्या तर काका डब्याचं निमित्त काढून मागच्या खोलीत गेले असते, असं मला वाटतं. पण मोबाइल वाजलाच. बाईंनी तो कानाला लावला, "हो, हो, इथंच आहेत," म्हणाल्या, आणि काकांपुढे धरला. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पलीकडचा आवाज मोठा होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मुलीचं मराठी मोडकं होतं. आधी तिने थँक्यू म्हटलं. मग विचारलं.

"काका, बाबा खरंच हसले होते का?"

बाई फरशीकडे बघायला लागल्या. मी काकांकडे बघत होते.  तुम्ही त्या जागी असतात तर काय म्हटलं असतं, असं मी पुढे कितीतरी जणांना विचारलंय. प्रत्येकाला लगेच उत्तर सुचतं. मला अजून सुचत नाही.

"हौ बेटा," काका म्हणाले. "हसले." मग त्यांनी एक श्वास घेतला. "पण तुझी आई नव्हती हसत. तिला ताप होता. ते मी चुकीचं लिहिलं. ते मी आज दुरुस्त करतो."

 मग ती मुलगी हसली, मोठ्याने, गडगडून, सकाळच्या वेळी कुठल्या तरी अमेरिकेतल्या खोलीत. "ते बरोबर आहे. आई हसतच नाही कधी!" ती म्हणाली. बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की कसं, मी बघितलं नाही, कारण काका त्या वेळी छताकडे बघत होते आणि मीही तिकडेच बघू लागले.

काकांनी फोन परत दिला. बाईंनी चहा घेतला नाही, बस चुकेल म्हणाल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, "भटजींचं कसं काय ते, चिरकले म्हणून हसले ना हे?"

"तसंच वाटतं," काका म्हणाले.

"गाण्याचा कान होता त्यांना," बाई म्हणाल्या, आणि छत्री उघडून उन्हात निघून गेल्या.

त्यानंतर मी पुष्कळ दिवस विचार केला. पिवळ्या अंतरपाटाचं ते हसणारं जोडपं कोण, ते हैदराबादेत कुठे राहत असेल, आणि त्यांच्या घरात त्यांचा तो फोटो असेल का? काकांनी ते दुसऱ्या कुठल्या लग्नात पाहिलं आणि या कोऱ्या रोलवर नेऊन बसवलं का? की बाईच तापाच्या ग्लानीत पांढऱ्याला धरून बसल्या होत्या? यातलं काहीच कधी उलगडलं नाही. काकांना विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते पंखा बंद करायला उठायचे, पंखा बंद असला तरी.

ब्लॉग तिथेच थांबला. मुलाचा फोन यायचा, बाबा, आपण पहिल्या पानावर आलोय, आता लिहा, आता तर खरं लिहायला पाहिजे. काका म्हणायचे, "बस झालं." घड्याळवाल्या मशीनला उत्तर देणंही त्यांनी सोडलं. स्टुडिओ आणखी काही वर्षं पासपोर्टच्या फोटोंवर चालला. मी लग्न होऊन पुण्याला आले, त्यानंतर तिथे मोबाइलचं दुकान झालं, असं काकूंनी फोनवर सांगितलं. काका घरीच असायचे. खिडकीशी बसायचे.

पण ती दुपार. बाई गेल्यावर काकांनी डबा तसाच ठेवला आणि माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. लेख उघडायला लावला. इंग्रजी त्यांना वाचता यायचं, तरी म्हणाले, "तू वाच. मराठीत सांग." मी नवरीचं वाक्य खोडलं. जिथे दोघं एकदम हसले असं होतं, तिथे काका काय सांगतायत याची मी वाट बघत बसले.  त्यांनी दोनदा सांगितलं, दोनदा नक्को म्हणाले.

शेवटी जे झालं ते एवढंच होतं. नवरा हसला. नवरी खाली बघत होती, तिला ताप होता, तिला ते दिसलं नाही.

"परत वाच," काका म्हणाले.

मी परत वाचलं.

"बरोबर आहे?" त्यांनी मला विचारलं. अगदी मनापासून विचारलं, डोळ्यांत बघून, जसं काही मी त्या मांडवात त्यांच्या शेजारी उभी होते. त्या लग्नाच्या वेळी माझा जन्मही झाला नव्हता.

मी म्हटलं, "हो काका. बरोबर आहे."